कन्नडची दहा मिनिटं

मी रेडिओवर बोलते असं सांगितलं की लोक मला वरपासून खालपर्यंत बघतात. रेडिओ बंद पडून जमाना झाला, अशी बहुतेकांची ठाम समजूत असते. धाराशिवच्या सरकारी केंद्रावर माझी ड्यूटी असते आणि तिथं माझा आवाज रोज हजेरीच्या वहीत सही करून हवेत जातो, हे त्यांना पटवता पटवता मी दमते. माझे यजमान म्हणतात, "तू घरात बोलतेस तेच पुरे आहे, वर आणि जिल्ह्याला कशाला?" मला राग पटकन येतो आणि तो आवाजात लपत नाही, हे मात्र खरं. बातम्यांच्या आधीची वेळ मी एकदा अशा सुरात सांगितली होती की दोन श्रोत्यांनी फोन करून विचारलं, बाई, आमचं काही चुकलं का?

ही गोष्ट आमच्या केंद्रावर नवे साहेब आले तेव्हाची. साहेब केरळचे. मराठी त्यांना समजायची, बोलायला मात्र ते हिंदीचा आधार घ्यायचे. आल्या आल्या त्यांनी जिल्ह्यात दौरा केला आणि परत येऊन मला विचारलं, "मॅडम, इस जिले में बाहर के लोग कितने हैं? उनके लिए हम क्या करते हैं?" काहीच करत नव्हतो. आमच्या जिल्ह्यातल्या वाशी आणि भूमच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, तिथं बिहारपासून ओडिशापर्यंतची माणसं लोखंडी पेट्यांच्या खोल्यांत राहत होती. बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते हे तर आम्हाला लहानपणापासून माहीत. रब्बीची पिकं निघाली की सीमेपलीकडून कन्नड बोलणारे धनगर मेंढरं घेऊन येतात, तेही माहीत. पण या लोकांशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलावेत, असं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते यायला केरळचा माणूस लागला. त्याचं कारण मला पुढे कळलं. साहेबांशी त्यांच्या भाषेत बोलणारं अख्ख्या धाराशिवात कुणी नव्हतं.

तर रविवारी सकाळी अर्धा तास ठरला. दहा मिनिटं हिंदी, दहा गोरमाटी, दहा कन्नड. तीन महिने करून बघायचं, चाललं तर पुढे न्यायचं. गोरमाटीसाठी एका तांड्यावरचे गुरुजी मिळाले. हिंदी माझ्या गळ्यात पडली. माझी हिंदी म्हणजे आमच्या मराठवाड्याची, "मेरेकू" आणि "तेरेकू"वाली, पण पवनचक्कीवरच्या पोरांना ती भारी आवडली. दवाखाना कुठं, रेशनचं कार्ड इथं कसं चालवायचं, गावी जायची गाडी कुठून सुटते, असलं मी सांगायचे. एकाने ओडिशातल्या आपल्या आईला मोबाईलवरच्या ॲपमध्ये माझा कार्यक्रम लावून दिला होता. तिला हिंदी फारशी कळायची नाही. पण लेक जिथं राहतो तिथं सकाळी कुणीतरी त्याला नीट राहायला सांगतं, यावर ती खूश होती. त्याने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी आठवडाभर घरात ऐटीत होते.

अडलं कन्नडचं. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचा आवाज आम्ही तपासून पाहिला. त्यांचं कन्नड इतकं शुद्ध होतं, की आमचा पहारेकरी, ज्याचं आजोळ कर्नाटकातल्या आळंदकडचं, तो म्हणाला, "मॅडम, हे ऐकून मेंढरं बी झोपतील."

मग एका आठवडी बाजाराला मी भूमला गेले. बाजारभावावर काही ध्वनिमुद्रण करायचं होतं. मिरच्यांच्या ढिगाशी एक बाई भांडत होती, कन्नडमध्ये. मिरचीवाला सीमेपलीकडचा असावा. भांडत होती म्हणजे कशी? हात कमरेवर, मान तिरकी, आणि दर दोन वाक्यांना स्वतःच खदखदून हसत होती. मिरचीवाला हसत होता, शेजारचा लसूणवाला काही कळत नसतानाही हसत होता. एक शब्द न समजता मीही उभी राहून हसत होते. आवाज असा स्वच्छ, की रेकॉर्डर पिशवीतच ठेवून मी पुढे झाले आणि म्हटलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

बाई एकदम गप्प झाली. पदर डोक्यावर ओढला आणि नजर मिरच्यांवर. तिच्या मागून काटक अंगाची, उन्हाने रापलेली एक म्हातारी पुढे आली. ती तिची सासू होती.

"ती न्हाय बोलायची," म्हातारी म्हणाली. "सून हाय माझी. बोलतच न्हाय ती. लई गरीब."

"अहो मावशी, आत्ता तर केवढं बोलत होत्या!"

"ते तिच्या मुलखातलं. त्याचा काय उपेग हितं?"

पुढचं मला त्यांच्या घरी दोन चकरा मारून कळलं. भूमपासून थोड्या अंतरावर त्यांचं गाव. घर धनगराचं, स्वतःची मेंढरं, थोडी शेती. नात्यातली सोयरीक म्हणून ही मुलगी आळंद भागातून करून आणलेली. कन्नड शाळेत सातवी शिकलेली. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती मराठी बोलायला गेली, की चूल, गोठा, पाणवठा सगळीकडे लोक हसायचे. वाईट हेतूने नाही, आपण हसतो तसंच. तिने तोंड मिटलं ते मिटलंच. व्हय, न्हाय, झालं, आणते, एवढ्यावर तिने वीस वर्षांचा संसार केला. तिची मुलं मराठी. नवरा मेंढरांमागे. घरात तिला सगळे गरीब गाय म्हणायचे, आणि त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं, की आपली सून जिल्ह्यातल्या सगळ्यात विनोदी बायकांपैकी एक आहे.

सासूची परवानगी मिळवायला मला जरा खोटं बोलावं लागलं. सरकारी काम आहे म्हटलं. खरं तर ते खोटंही नव्हतं.

पहिल्या रविवारी ती माइकसमोर बसली. मी काचेपलीकडून खूण केली. ती म्हणाली, "नमस्कार्री! ऊटा आतेन्री?" जेवलात का, असं तिने सगळ्या जिल्ह्याला विचारलं, सकाळी साडेआठला. आणि मग स्वतःच हसली. त्यानंतर दहा मिनिटं ती थांबली नाही. मेंढरांच्या लसीची तारीख, वाऱ्यापावसाचा अंदाज, कुठल्या पाणवठ्याचं पाणी आटलं, सगळं कागदावरचं सांगितलं. आणि मध्येमध्ये कागदावर नसलेलंही बरंच काही, कारण पहारेकरी भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

इथं आमच्याकडची एक अडचण सांगायला हवी. नियमाप्रमाणे मजकूर आधी लिहून मंजूर करून घ्यावा लागतो. ती कन्नड लिपीत लिहून आणायची. केंद्रात ती लिपी वाचणारं कुणीच नव्हतं. पहारेकऱ्याला बोली कळायची, अक्षर नाही. साहेब तो कागद गंभीरपणे वरून खाली बघायचे, पान उलटायचे आणि सही करायचे. त्यात काय लिहिलंय ते देवाला आणि तिला ठाऊक. मला या गोष्टीची गंमत वाटायची. पुढे ती महागात पडली.

एकदा बसस्टँडवर तिच्याबरोबर बसची वाट बघत होते. मी विचारलं, "इतक्या लांबून येता, दमत नाही का?" तिने शब्द जुळवत जुळवत सांगितलं, "बाई, आठ दिवस म्या गप बसती. दहा मिन्टं बोलती. ती दहा मिन्टं हायत म्हनून आठ दिवस गप बसाया येतंय." मी उगाच शेंगा विकत घेतल्या.

दोन महिने झाले असतील. वाशीकडच्या एका शेतकऱ्याचा केंद्रात फोन आला. ज्वारी काढून झाली होती, रान मोकळं होतं, त्याला मेंढरं बसवायची होती. आमच्याकडे मोकळ्या शेतात मेंढरांचा कळप रात्रभर मुक्कामाला बसवतात. लेंडीखत मिळतं, आणि त्याबदली धनगराला धान्य द्यायचं. शेतकरी म्हणाला, "तुमच्या त्या कानडी ताईला सांगा की. एखादा वाडा धाडा माझ्याकडं." एका धनगराचं बिऱ्हाड आणि त्याचा कळप मिळून होतो त्याला आमच्यात वाडा म्हणतात. मला कल्पना फारच आवडली. रेडिओ असा उपयोगी पडला पाहिजे, असं मी साहेबांना भाषणच दिलं. चिठ्ठी लिहून मी तिला वाचून दाखवली आणि तिच्या हातात ठेवली.

तिने ते सांगितलं, आणि काय रंगवून सांगितलं! मला पहारेकऱ्याने नंतर अर्थ सांगितला. रान सपाट, विहिरीला पाणी, सावलीला लिंब, मालक सज्जन, ज्वारी हात आखडून देणार नाही, मालकीण चहात दूध घालते.

आता धनगरांची एक रीत आहे, जी मला माहीत नव्हती आणि तिला पाठ होती. मोकळ्या रानाचा सांगावा ज्याच्या कानावर पडला, ते रान त्याचं. तो दुसऱ्याला सांगत नाही आणि दुसरा मध्ये येत नाही. ही रीत ते लोक जिवापलीकडे पाळतात, म्हणून तर त्यांच्यात भांडणं होत नाहीत. पण ती रीत रेडिओ येण्याच्या आधीची आहे.

सोमवारी दुपारी त्या शेतकऱ्याचा फोन. आवाज रडवेला. "म्याडम, म्या एक वाडा मागितला व्हता."

"मग? आला नाही का?"

"सात आलेत."

सात दिशांनी सात वाडे आले होते, प्रत्येकाबरोबर घोडी, कुत्री, कोंबड्या, बायकापोरं. तीन एकराच्या रानात सात कळप. सातही कारभारी शपथेवर सांगत होते, की सांगावा माझ्या कानावर पडला. आणि सातहीजण खरं बोलत होते. तोवर कळप एकमेकांत मिसळले. मेंढरं मिसळली म्हणजे काय होतं ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. ज्याचं त्याचं मेंढरू कानाच्या कापावरून ओळखून वेगळं करायला त्यांना दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

मी तिला फोन लावला तेव्हा ती रडकुंडीला आलेली. "म्या एकदाच सांगितलं ओ बाई!" ती परत परत म्हणत होती. "एकदाच सांगितलं!" तिच्या हिशेबाने एकदा सांगितलेलं एकाच्याच कानावर पडायला हवं होतं. मला हसू आलं, पण फार हसायची सोय नव्हती, कारण चिठ्ठी माझी होती.

त्या सात कारभाऱ्यांनी मात्र कमाल केली. लिंबाखाली बसून त्यांनी तंबाखू मळली आणि पाळ्या लावून घेतल्या. एवढी मेंढरं दारात आलीच आहेत म्हटल्यावर गावातले बाकीचे शेतकरी धावत आले, माझ्यात बसवा, माझ्यात बसवा. त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या शिवाराला खत मिळालं. पण या गडबडीत शेजारच्या शेतकऱ्याचा बांधाकडचा हरभरा मेंढरांनी फस्त केला होता. तो मंगळवारी लेखी तक्रार घेऊन केंद्रात हजर झाला.

साहेबांनी तक्रार वाचली आणि मला बोलावलं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडले असते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, इस कागज़ पर मेरी सही है। इसमें क्या लिखा था, मुझे मालूम नहीं था।" चूक माझी आहे, तिची नाही, असं मी तीन वेळा सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. पण तिच्या मजकुराची खात्री देणारं कुणीतरी मिळेपर्यंत कन्नडची दहा मिनिटं बंद, असं त्यांनी लिहिलं. त्या दहा मिनिटांत बासरी लावायची ठरली. मला बासरी आवडते. त्या महिन्यात मला त्या बासरीचा भयंकर राग आला.

केंद्रात फोन येऊ लागले. पलीकडून माणसं कन्नडमध्ये बोलायची, काही विनवणीच्या सुरात, काही सरळ भांडणाच्या. मला एक अक्षर कळायचं नाही, पण राग कुठल्याही भाषेत ओळखू येतो. मी मराठीत म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं, अगदी बरोबर आहे," आणि फोन ठेवायचे. प्राध्यापकांना खात्री द्यायला बोलावलं, तर ते म्हणाले, ही अशुद्ध बोली आहे, मी सही करणार नाही. त्यांना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. पहारेकरी म्हणाला, अर्थ पाहिजे तेवढा सांगतो, पण सरकारी कागदाची जबाबदारी माझ्यावर नको.

तिला फोन केला की ती "व्हय" आणि "न्हाय" एवढंच बोलायची. एकदा फोन तिच्या मुलीने उचलला. आई कशी आहे विचारलं, तर म्हणाली, "हाय तशीच, गप." मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. मीच त्या बाईला बोलतं केलं आणि माझ्याच शहाणपणाने तिचं तोंड परत बंद झालं, हे मनातून जाईना.

चार रविवार बासरी वाजली. पाचव्या आठवड्यात बुधवारी दुपारी पहारेकरी आत आला आणि म्हणाला, "मॅडम, कुनीतरी आजी आल्यात. साहेबालाच भेटायचं म्हनत्यात." बाहेर तिची सासू उभी होती. एसटीने एकटी आलेली, डोक्याला पदर घट्ट, हातात काठी. मला वाटलं, झालं, आता ही आमची खरडपट्टी काढणार. मी तिला साहेबांच्या खोलीत नेलं. खुर्ची दिली तर बसली नाही.

"साहेब, तुमी ती बासरी का लावताय?" तिने सरळ विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, की मावशी, तुमच्या सुनेने काय लिहिलंय ते इथं कुणाला वाचता येत नाही, म्हणून बंद आहे. तुम्हाला तरी तिचं कन्नड कळतं का?

"मला? एक सबूद कळत न्हाय."

"मग तुम्ही ऐकत होता?"

"दर आयतवारी. मेंढराकडं जाताना रेडू गळ्यात अडकवून." ती थांबली. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाई, वीस वर्सं झाली ती माझ्या घरात हाय. म्या तिला कदी हसताना ऐकली न्हवती. माझ्या घरात ती हसलीच न्हाय. रेडूवर हसायची. त्ये ऐकाया लावायचे म्या."

साहेबांना भाषांतर करून सांगावं असं मला वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून लक्षात आलं की त्याची गरज नाही. ते उठून उभे राहिले होते.

मग ते हिंदीत म्हणाले, की माँजी, सगळं खरं, पण कागदावर काय आहे याची खात्री कोण देणार? मला वर उत्तर द्यावं लागतं. म्हातारीने काठी भिंतीला टेकवली.

"म्या दीन की. ती काय बोलनार त्ये मला आदी घरी सांगंल. मराठीत सांगंल. म्या हितं यिऊन तुमाला सांगंन. आंगठा पायजे तर आंगठा घ्या."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. नियमात असं कुठं बसतं ते मला माहीत नव्हतं, आणि मी ते शोधायलाही गेले नाही. मी म्हटलं, "सर, इससे अच्छी गारंटी कौन देगा?" हरभऱ्यावाल्या शेतकऱ्याची अडचणही तोवर उरली नव्हती. त्याच्या रानात दोन वाडे फुकट बसले होते आणि पुढच्या वर्षी पहिला नंबर माझा, असं तो गावभर सांगत फिरत होता.

शनिवारी दुपारी दोघी आल्या. मधल्या तीन दिवसांत काय झालं ते मला सुनेने नाही, सासूनेच सांगितलं. रोज भाकरी झाली, की दोघी चुलीपाशी बसायच्या. सून कन्नडात लिहायची आणि मग अडखळत मराठीत सांगायची. मुलं पहिल्या दिवशी हसली. म्हातारीने त्यांना फुंकणी दाखवली. दुसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, आई, "जेवलीस का" तुझ्यात कसं म्हणतात?

साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यावरच्या गोल गोल अक्षरांकडे आम्ही सगळे नेहमीसारखे बघत राहिलो. मी म्हटलं, "सांगा मावशी, काय काय आहे?"

म्हातारीने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. भूमच्या दवाखान्यात मेंढरांची लस. पाणवठे. रानाचा सांगावा रेडिओवर देणार नाही, ज्याला पाहिजे त्याने केंद्रात फोन करावा, पहिला फोन येईल त्याला रान. हे दोघींनी मिळून ठरवलं होतं. साहेब लिहून घेत होते. मग म्हातारी थांबली. सून खाली मान घालून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"आनि शेवटाला?" मी विचारलं.

"शेवटाला माझी टिंगल हाय," म्हातारी म्हणाली. "म्या कशी झोपंत मेंढरं मोजती आन कशी घोरती. समदं वाचून दावलं तिनं मला."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, हे ठेवायचं की काढायचं?

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमी दोगी लई हसलो त्याला."